गाडी ट्रॅफिकमध्ये तापते. मूळ वॉटर पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवला तर उपयोग होईल का? आणि तो बसवायचा कसा?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: हायवेला काटा जागचा हलत नाही, पण एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की वर सरकायला लागतो. १.६ लिटरचं जुनं पेट्रोल इंजिन, पट्ट्यावर फिरणारा मूळ पंप. या लक्षणांवर इलेक्ट्रिक पंप हा इलाज नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी बसवायचा कसा तेही खाली लिहितो, कारण तो बसवण्यासारखी खरी कारणं असतात. तुमचं कारण त्यातलं नाही, एवढंच.

ढोबळ हिशेब करून बघा. असं इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तासाला साधारण एक लिटरच्या आतबाहेर पेट्रोल पितं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे तासाला एक लिटर म्हटलं तर जवळपास ९ किलोवॉट. त्यातला एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, उतरतो असं धरलं तर रेडिएटरला बाहेर टाकायची उष्णता ३ किलोवॉट. रेडिएटरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना कूलंटच्या तापमानात १० अंशांचा फरक पडतो असं माना. मग तेवढी उष्णता वाहून न्यायला मिनिटाला पाच लिटर प्रवाह पुरतो. एसीमुळे इंजिनावर भार वाढतो, तर दुप्पट धरा. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चाक, शाबूत असलेला कुठलाही पंप आयडलिंगला याहून जास्त पाणी फिरवतो. हायवेला शंभरच्या वेगात हीच उष्णता पाच-सहा पट होते, आणि तिथे तुमची गाडी मजेत चालते. म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटरही बरा आहे. उभ्या गाडीत कमी पडते ती हवा.

म्हणून आधी फॅनकडे वळा. एसी चालू असताना रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आपली उष्णता त्याच हवेत सोडतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम असते. अशा वेळी फॅन जरा जरी ढिला पडला तरी काटा चढतो. दोन वेगांच्या फॅनमध्ये हळू वेगासाठी बहुतेकदा एक रेझिस्टर असतो. तो जळला की हळू वेग बंदच पडतो आणि फॅन फार उशिरा, एकदम जोरात सुरू होतो. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, मग फॅन फिरताना दिसतो पण त्याच्यात दम नसतो. इंजिन गरम करून फॅन सुरू झाला की पुढच्या जाळीवर वहीचा एक कागद धरा. तो जाळीला चिकटून राहिला तर ठीक. फडफडून खाली पडला तर हवा पुरेशी ओढली जात नाही, आणि उलट बाहेर ढकलला गेला तर कुणीतरी मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या आहेत. मोटर उलट फिरते आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही, असं होतं. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, जागेवर आहे ना तेही बघा. अनेक गाड्यांत ते एकदा काढलं जातं आणि पुन्हा कधीच बसत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेला कचराही याच खात्यात.

पंपावरच शंका असेल तर ती आधी फेडून घ्या. काही पंपांचे इम्पेलर प्लास्टिकचे असतात. ते तडकतात किंवा शाफ्टवर सुटे होतात. पट्टा फिरतो, पुली फिरते, बाहेरून सगळं झकास, आणि आत पाणी ढिम्म. पण तसं असतं तर हायवेलाही गाडी तापली असती. आणि तसा पंप निघालाच, तर इलाज नवा मेकॅनिकल पंप हाच. गाडी कधीही, कुठेही तापत असेल आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या वरचा भाग (हेड) यांच्यामधलं सील, तपासायचं. तिथे कितीही मोठा पंप लावला तरी काही उपयोग नाही. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांना उकळतं, दाब धरला नाही तर शंभरालाच.

आता इलेक्ट्रिक पंप कशासाठी. मेकॅनिकल पंपाची अडचण अशी की त्याचा वेग इंजिनाच्या आरपीएमला बांधलेला असतो, उष्णतेला नाही. आरपीएम दुप्पट झाले की प्रवाह साधारण दुप्पट होतो, पण पंप फिरवायला लागणारी शक्ती आठपट. रेसिंगच्या गाडीत वरच्या आरपीएमला ही शक्ती वाया जाते, शिवाय इम्पेलरपाशी पाण्याला बुडबुडे सुटून पंप पाणी धरत नाही. इंजिन बंद केलं की पंपही बंद, आणि नेमकी तेव्हाच टर्बो आणि हेडमधली उष्णता पाण्यात उतरत असते. इलेक्ट्रिक पंप हे तिन्ही सोडवतो. बीएमडब्ल्यूने २००४ साली आलेल्या एन५२ इंजिनात तो कारखान्यातूनच दिला, टोयोटाने २००९ च्या प्रियसमध्ये दिला. दुसऱ्याच गाडीचं इंजिन घालताना जिथे मूळ पंपाला जागाच उरत नाही, तिथेही हाच पर्याय. पण ‘शक्ती वाचते, मायलेज वाढतं’ या जाहिरातीवर फार भाळू नका. १० अँपियर ओढणारा पंप म्हणजे सुमारे १३५ वॉट, आणि अल्टरनेटरमधले तोटे धरले तर पट्ट्यावर त्याच्या दुपटीच्या जवळ भार. वीज फुकट येत नाही.

बसवायचं ठरलंच तर पंप निवडण्यापासून सुरुवात. डेव्हिस क्रेग या ऑस्ट्रेलियन कंपनीचे ८०, ११५ आणि १५० लिटर प्रति मिनिटाचे पंप प्रसिद्ध आहेत. हे आकडे मोकळ्या प्रवाहाचे. इंजिन आणि रेडिएटरचा अडथळा आला की प्रत्यक्षात कमी मिळतं. १.६ लिटरच्या साध्या इंजिनाला ८० वाला पुरतो. ‘पाणी फार जोरात फिरलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असं कुणी सांगेल. ते चुकीचं आहे. पाणी जोरात फिरलं की रेडिएटर खालपर्यंत सारखा गरम राहतो आणि जास्तच उष्णता टाकतो.

पंपाची जागा खालच्या होजमध्ये (रबरी नळीत), रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवर. जितका खाली बसवता येईल तितका बरा, म्हणजे तो कायम पाण्याखाली राहतो. कोरडा चालवला तर सील जातं. एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि त्याचं वजन ब्रॅकेटवर घ्या. होजवर लटकता पंप थरथरून होज कापतो.

मूळ पंपाचं काय करायचं ते पट्ट्यावर ठरतं. पंप बाहेरच्या पट्ट्यावर असेल तर तो काढून जागा पट्टीने बंद करता येते, मात्र अल्टरनेटरला नव्या लांबीचा पट्टा लागतो. टायमिंग बेल्टवर असेल तर पंप काढताच येत नाही, कारण त्याची पुली बेल्ट ताणून धरते. मग पंप उतरवून त्याचा इम्पेलर पुलरने ओढून काढायचा आणि उरलेला सांगाडा परत बसवायचा. शाफ्ट नुसता फिरत राहतो. पण बेअरिंग आणि सील झिजतच राहतात, म्हणजे जुना पंप बदलण्याची कटकट काही सुटत नाही. हे ऐकूनच बरेच जण बेत सोडून देतात, आणि ते बरोबरच करतात.

थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेवर, मात्र बहुतेकांची गाडी अडते. पंपासोबत कंट्रोलर असेल तर थर्मोस्टॅट काढायचा, कारण तापमान राखण्याचं काम आता कंट्रोलर करतो: इंजिन थंड असताना पंप काही सेकंद फिरतो, मग थांबतो, आणि ठरवलेल्या तापमानाच्या जवळ आलं की सलग चालतो. होज हातात धरली तर हे ठोके सुरुवातीला स्पष्ट जाणवतात. थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट बंद करावी लागते, नाहीतर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. हीटरची वाट उघडीच ठेवा. कंट्रोलर नसेल तर थर्मोस्टॅट आणि बायपास जसेच्या तसे ठेवून पंप इग्निशनबरोबर सलग चालवा. हे साधं आहे, पण चालतं. नुसताच थर्मोस्टॅट काढून सलग पंप चालवला तर इंजिन कायम थंड राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि नव्या गाडीत पी०१२८ हा, इंजिन पुरेसं गरम होत नाही असं सांगणारा, कोड येतो.

एक गोष्ट अजिबात करू नका: रेडिएटरमधल्या फॅन स्विचवर पंप जोडणं. पाणी थांबलेलं असताना हेड उकळत असतं आणि तिकडे रेडिएटर गार असतो, त्यामुळे स्विचला पत्ताच लागत नाही. कंट्रोलरचा सेन्सरही म्हणूनच हेडमधून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी, थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवायचा.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मग रिले (छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच), जाड वायर, आणि अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. कंट्रोलरशिवाय जोडत असाल तर प्लस-मायनस दोनदा बघा. साधी डीसी मोटर उलट जोडली की उलट फिरते, पण सेंट्रिफ्युगल पंप उलट फिरूनही पाणी त्याच दिशेला ढकलतो, फक्त बरंच कमी. त्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही. फॅन, एसी, हेडलाइट आणि पंप सगळं एकदम चालू करून आयडलिंगला व्होल्टेज बघा. तेरापेक्षा खाली घसरत असेल तर अल्टरनेटरला हा भार झेपणारा नाही.

पाणी भरताना या पंपाची खरी मजा कळते. इंजिन बंद ठेवून, गाडीचं नाक थोडं उंच करून, झाकण उघडं ठेवून नुसता पंप चालवा. हवा बुडबुड्यांनी निघून जाते, पातळी उतरते, वर भरत राहा. हे सगळं इंजिन थंड असतानाच. गरम झाकणाला हात लावू नका.

शेवटचा खर्च टाळू नका: तापमानाचा मोठा आवाज करणारा अलार्म आणि टाकीत पातळीचा सेन्सर. मेकॅनिकल पंप मरायच्या आधी बहुतेक वेळा गळतो, कुरकुरतो. इलेक्ट्रिक पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले एका क्षणात आणि मुकाट्याने जातो. शिवाय पाणीच निघून गेलं तर काट्याचा सेन्सर हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येतो.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलंय की मूळ पंप तसाच ठेवून जोडीला छोटा इलेक्ट्रिक पंप लावला तर? चालतं. हीटरच्या लाइनमध्ये वीसेक वॉटचा सहायक पंप अनेक गाड्यांत कारखान्यातूनच असतो, आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं चालवायला तो छान. मुख्य होजमध्ये मात्र असा छोटा पंप घालू नका, हायवेला तोच प्रवाहाला अडथळा होतो. तुमच्या गाडीत मी तोही आत्ता लावणार नाही. कागद लावून फॅन तपासा, हळू वेग चालतो का ते बघा, आणि एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवल्यावर काटा कुठे थांबतो ते कमेंटमध्ये लिहा.