वाचकांचे प्रश्न : संस्था मोठी झाली, आता सीओओ (चीफ ऑपरेटिंग ऑफिसर, रोजचं कामकाज बघणारा प्रमुख) ठेवायचा का?

प्रश्न : नमस्कार ताई. आमची संस्था शहाद्यात आहे, काम धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यात, बचत गट आणि लहान मुलांचं पोषण. सुरुवातीला चार-पाच जण होतो, आता साठेक जण पगारावर आहेत, सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचे) तीन प्रोजेक्ट आणि एक परदेशी फंड आहे. मागच्या वर्षी एका कंपनीचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी खर्च झाल्याचा दाखला) उशिरा गेलं, हप्ता अडकला, दोन महिने पगार लांबले. आता कंपनीचे साहेब म्हणतात सीओओ नेमा. आमचे ट्रस्टी म्हणतात मॅनेजर आहे, अकाउंटंट आहे, अजून एक साहेब कशाला? आणि पुण्याची माणसं जो पगार सांगतात तो ऐकूनच धडकी भरते. हा माणूस नक्की करतो काय आणि आणायचा कुठून?
— एक संस्थापक, शहादा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात पगार लांबल्याचं एका ओळीत आलंय पण माझ्या मते सगळं तिथंच आहे. साठ घरांचा किराणा दोन महिने उधारीवर चालला तो कुणी कामचुकारपणा केला म्हणून नाही, तर फील्डचा आकडा, अकाउंटचा आकडा आणि कंपनीला द्यायचा रिपोर्ट या तिन्हीकडे एकाच वेळी बघणारं तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि तुम्ही त्या वेळी बहुतेक मुंबईत कुठल्यातरी मीटिंगला असाल. अकाउंटंट झालेला खर्च लिहितो, मॅनेजर ऑफिस आणि गाड्या बघतो, प्रोजेक्टवाले आपापला प्रोजेक्ट बघतात. पण एका प्रोजेक्टची गरज दुसऱ्याच्या आड आली की मग ठरवायचं कुणी? ते सगळं तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. रजा, डिझेल, गट संयोजिकेची नेमणूक, वजनकाट्याची खरेदी, सगळं. ते ठरवणारा माणूस म्हणजे सीओओ.

तुमच्याच भागातलं सांगते. कंपन्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्यांच्यावर कायद्याचं ओझं असतं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत संपवावा लागतो, म्हणून फेब्रुवारी लागला की त्यांचे फोन सुरू, खर्च करा, खर्च करा. आणि सातपुड्यात तेव्हा काय असतं? होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, मग होळी, काठीची होळी तर लांबलांबून लोक बघायला येतात. गुजरातला ऊसतोडीला गेलेली माणसं सणाला घरी येतात, तुमचे निम्मे कार्यकर्तेही त्याच पाड्यांवरचे, तेही घरी. त्या पंधरा दिवसांत कुणी प्रशिक्षणाला बसणार नाही आणि बसवूही नये. पण हीच माणसं गावात असतात म्हणून मुलांची वजनं घ्यायला, स्थलांतराहून आलेल्या बायकांना भेटायला यासारखा दुसरा काळ नाही. म्हणजे प्रशिक्षणं डिसेंबर-जानेवारीत आणि वजनं होळीच्या आसपास. हे आपल्याकडं पोरालाही कळतं, तरी दरवर्षी प्लॅनमध्ये मार्चमध्ये प्रशिक्षण लिहिलेलं असतं कारण प्लॅन मुंबईच्या फॉरमॅटमध्ये भरलेला असतो. ऑक्टोबरमध्येच कॅलेंडर समोर घेऊन कंपनीला फोन करून तारखा बदलून घेणं, बदललेल्या तारखांना गाड्या आणि माणसं मोकळी ठेवणं, त्याप्रमाणे अकाउंटंटकडून महिन्याचा खर्च आधीच मांडून घेणं, हे सीओओचं काम. हे झालं असतं तर सर्टिफिकेट वेळेवर गेलं असतं.

दुसरं, कायद्याच्या तारखा. साठ माणसं म्हणजे पीएफ आलाच (20 लोकांपासून लागतो) आणि 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखालची अंतर्गत समितीही (ती 10 लोकांपासून), ती खरोखर बसते का की फक्त भिंतीवर बोर्ड आहे ते बघा, तुमच्याकडं बायका पाड्यांवर एकट्या फिरतात. ट्रस्टी बदलला तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, करसवलत घेणाऱ्या देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला 31 मे पर्यंत, परदेशी निधीचं वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत. सीए हे करून देतो पण कागद त्याच्यापर्यंत कुणीतरी वेळेत पोचवायला हवेत ना, आणि संस्थेची करमाफीची नोंदणी, परदेशी निधीची एफसीआरए नोंदणी यांच्या नूतनीकरणाची तारीख चुकली तर नुकसान सीएचं होत नाही.

आता पगाराचं, कारण ट्रस्टी तिथंच अडलेत. बऱ्याच संस्थांमध्ये समज आहे की सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर चालत नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर आहे, तुमच्या संस्थेनं प्रकल्प राबवायला केलेल्या खर्चावर नाही. कंपनीचा माणूस स्वतःच्या धोरणात अजून कमी मर्यादा घालू शकतो, पण तो कायदा म्हणून सांगत असेल तर शांतपणे नियम दाखवा. परदेशी निधीचं मात्र कडक आहे, 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि सीओओचा पगार त्यातच धरला जाईल असं समजून बजेट करा. बाकीचा पगार तिन्ही सीएसआर प्रोजेक्टमध्ये वेळेच्या हिशोबानं वाटून टाका, टाइमशीट ठेवा म्हणजे ऑडिटला उत्तर असेल. आणि ज्या कंपनीनं सीओओ नेमा म्हणून सांगितलं तिलाच सांगा की दोन वर्षं या पदाचा अर्धा भार उचला. हे मागताना संकोच करू नका. संस्थेनं नीट चालावं असं वाटत असेल तर चालवणाऱ्या माणसाचा पगार हा कामाचाच खर्च आहे, आणि "आम्ही सगळा पैसा थेट गावात देतो" असं अभिमानानं सांगणाऱ्या संस्थांमध्ये कार्यकर्त्यांचेच पगार सगळ्यात आधी थांबतात हे मला अजिबात पटत नाही.

माणूस आणायचा कुठून? आधी संस्थेतच बघा. दहा-बारा वर्षं फील्डवर असलेला, पावरी किंवा भिली बोलणारा, मोलगीचा घाट पावसात कधी बंद होतो हे ठाऊक असलेला, ज्याला बाकीचे न सांगता विचारायला जातात असा कुणीतरी तुमच्याकडं असणारच. त्याला किंवा तिला बजेट वाचता येत नसेल, ते वर्षभरात शिकवता येतं, सोबत एक चांगला फायनान्सचा माणूस द्या. लोकांचा विश्वास वर्षभरात शिकवता येत नाही. बाहेरूनच घ्यायचा असेल तर फक्त समाजकार्याची डिग्री बघू नका, आपल्या खान्देशातच केळीची पॅकहाउसं आहेत, सूतगिरण्या, दूध संघ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, रोजची माणसं-गाड्या-पैसा सांभाळलेले लोक आहेत. पुण्यात बसून लॅपटॉपवर शहादा चालवतो म्हणणारा घेऊ नका. पहिले तीन महिने त्यानं ऑफिसपेक्षा जास्त पाड्यांवर असावं. आणि नात्यातला नको, भाऊ, नवरा, जावई. संस्थापकाच्या किंवा ट्रस्टीच्या नातेवाइकाला कामाच्या मानानं जास्त पगार दिला असं आयकर खात्याला वाटलं तर करसवलतच धोक्यात येते, आणि कार्यकर्ते जे बोलतील ते वेगळंच.

पण ताई, खरी अडचण मला माणसाची वाटत नाही, तुमची वाटते, रागावू नका. 2006 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत नेथन बेनेट आणि स्टीफन माइल्स या दोघांनी सीओओ या पदावर लिहिलं होतं, त्यात सीओओचे सात वेगवेगळे प्रकार सांगितलेत, कुणी फक्त अंमलबजावणीला, कुणी बदल करायला, कुणी प्रमुखाच्या उणिवा भरायला, कुणी पुढचा वारस म्हणून. लेख कंपन्यांबद्दलचा आहे पण संस्थेलाही लागू पडतो, की या पदाला एक ठराविक साचा नाही, तुमच्याकडं काय कमी आहे त्यावर ते ठरतं. म्हणून जाहिरात काढायच्या आधी एक कागद घ्या आणि आजपासून कुठले निर्णय मी घेणार नाही ते लिहा. अमुक रकमेपर्यंतचा खर्च, कोऑर्डिनेटरच्या खालच्या सगळ्या नेमणुका, रजा, बदल्या, गाड्या, कामाच्या तारखा, रिपोर्टवरची सही. तुमच्याकडं काय राहील तेही लिहा : ट्रस्टींशी बोलणं, नवीन काम घ्यायचं की नाही, मोठे देणगीदार, सरकारी यंत्रणेपुढं लोकांचा मुद्दा मांडणं, आणि सीओओच्या कामाचा आढावा. तो कागद ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये ठराव करून पास करा आणि सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवा.

हे एवढं का सांगतेय, तर आपल्याकडं संस्थेत सगळी नाती घरची असतात, तुम्ही सगळ्यांच्या ताई. नवीन माणसानं रजा नाकारली की संध्याकाळी तुम्हाला फोन येणार, ताई तुम्हीच सांगा ना. तुम्ही एकदा "जा रे, मी सांगते त्यांना" म्हणालात की त्या दिवसापासून त्याला कुणी विचारणार नाही. बापानं केळीचा बाग पोराच्या हाती दिला पण मोटरच्या स्टार्टरची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली तर बाग पोराचा होत नाही, तसंच होतं हे. त्याचा निर्णय तुम्हाला चुकीचा वाटला तरी पैशाचा घोटाळा किंवा कुणाच्या सुरक्षेचा प्रश्न नसेल तर तो राहू द्या, नंतर दोघंच बसून बोला, आठवड्यातून एक ठरलेला तास त्यासाठी ठेवा आणि तो काही झालं तरी मोडू नका. जर तुम्हाला मनापासून वाटत असेल की हे निर्णय सोडणं आत्ता जमणार नाही तर सीओओ नेमू नका, एक चांगला फायनान्स मॅनेजर घ्या आणि ट्रस्टींना तसं स्पष्ट सांगा. वर्षभरात चांगला माणूस निघून जाण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : मी जळगावचा, वय 36, पुण्यात एका कंपनीत ऑपरेशन्समध्ये आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका संस्थेनं सीओओ म्हणून विचारलंय, पगार आत्ताच्या निम्म्यापेक्षा कमी. आईवडील इकडंच असतात म्हणून यायची इच्छा आहे. हो म्हणण्याआधी काय विचारू?
— एक वाचक, सध्या पुणे

उत्तर : भाऊ, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा, दिले नाहीत तर तिथंच थांबा. चेकवर सह्या कुणाच्या लागतात ते विचारा, निधी थांबला तर किती महिने पगार निघतील तेही विचारा. मागच्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या दोघा-तिघांशी बोला, ते संस्थेला वाईट म्हणतील म्हणून नाही, पण का सोडलं हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही. आणि संस्थापकांना एकच प्रश्न विचारा : तुम्हाला न पटलेला कुठला निर्णय दुसऱ्या कुणी घेतला आणि तुम्ही तो तसाच राहू दिला? एकही आठवला नाही तर पगार दुप्पट असला तरी जाऊ नका. नेमणूक ट्रस्टींच्या ठरावानं घ्या, तोंडी नको.

आलात तर पहिले काही महिने एकही फॉरमॅट बदलू नका, सगळ्यांना मोह होतो. साक्री, शिरपूरच्या गावांत कार्यकर्त्यांबरोबर मोटरसायकलवर मागं बसून फिरा, अहिराणी येत असेल तर बोला, नुसत्या त्या एका गोष्टीनं माणसं तुम्हाला ऑफिसातला साहेब समजणं थांबवतील. पगाराबद्दल एवढंच की निम्मा पगार घेऊन घर चालणार असेल तरच या, त्याग वगैरे मनात आणून आलात तर दुसऱ्या वर्षी चिडचिड सुरू होईल आणि ती खालच्या लोकांवर निघेल.

प्रश्न : मी यावल तालुक्यात फील्ड कोऑर्डिनेटर आहे. नवीन सीओओ आल्यापासून रोज अ‍ॅपवर सेल्फी हजेरी आणि प्रत्येक खर्चाचं बिल. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंज नाही, जीपवाला बिल देत नाही. अर्धा दिवस टेकडीवर रेंज शोधण्यात जातो. काय करू?
— नाव नको

उत्तर : ताई, दोन गोष्टी वेगळ्या करा. खर्चाचा कागद लागणारच, तो ऑडिटसाठी आहे, त्याला विरोध करू नका. जीपवाला बिल देत नसेल तर तारीख, कुठून कुठं, रक्कम आणि त्याची सही किंवा अंगठा घेतलेलं व्हाउचर चालेल का हे अकाउंटंटकडून लेखी घ्या, लहान रकमेला बहुतेक संस्था ते मान्य करतात. हजेरीचं मात्र तुमचं बरोबर आहे. तुमच्या भागातल्या गावांची यादी करा, कुठं रेंज आहे, कुठं अजिबात नाही, आणि रेंज नसलेल्या गावांसाठी गटाच्या रजिस्टरवर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या हीच हजेरी धरावी असा अर्ज सगळ्या कोऑर्डिनेटरांच्या सहीनं थेट सीओओंना द्या, संस्थापकांकडं आधी जाऊ नका. सोबत एक विनंती लिहा की एक दिवस त्यांनी तुमच्याबरोबर वरच्या पाड्यावर यावं आणि हजेरी तिथूनच लावून दाखवावी. हे टोमणा म्हणून लिहू नका, खरंच बोलवा, आणि जेवायची सोय गटातल्या एखाद्या घरी करा.