तिथीची पाऊणकी आणि तिसरीतली लेक

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही हर्णै बंदराजवळ राहतो. लेक आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. सासरे आता समुद्रावर जात नाहीत, पडवीत जाळी दुरुस्त करत बसतात. त्यांनी तिला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की पाणी किती वाजता पुरं भरणार ते कळतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी तिने त्यांनाच धरलं. "पौर्णिमेला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला पाऊण, म्हणजे त्या दिवशी पाणी दीड तास पुढे जातं. एरवी पाऊणच तास जातं. असं का?" सासरे म्हणाले, बापजाद्यांपासून असंच चालत आलंय. शाळेत विचारलं, तर "जास्त शहाणपणा करू नको" असं ऐकून आली.

हीच मुलगी शुद्धलेखनाची वही काढली की पोटात दुखतं म्हणते, आणि सागरगोट्यांत हरली की भोकाड पसरते. पुण्याच्या जाऊबाई म्हणतात, बुद्ध्यांक काढून घ्या आणि तिला माझ्याकडे पाठवा. हे बोटीवरून आले की म्हणतात, एकदम चौथीत बसवा. मी काय करू?

उत्तर : आधी तिच्या प्रश्नाचं बघू. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, आणि त्याचं उत्तर तिला अजून कुणी दिलेलं नाही.

अमावास्येला आणि पौर्णिमेला भरतीची वेळ जवळजवळ एकच असते. म्हणजे पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकून पुन्हा त्याच वेळेवर येते. बारा तासांचे पंधरा भाग केले तर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं पडतात. तुमचे सासरे पंचेचाळीस धरतात, कारण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ असते. अठ्ठेचाळीस मिनिटांचा पाढा कोण पाठ करणार? तिथीमागे तीन मिनिटं मागे पडतात. पंधरा तिथींची पंचेचाळीस झाली, आणि ती सगळी उधारी प्रतिपदेला एकदम चुकती होते. त्या दिवशीची नेहमीची पाऊण तास आणि ही साचलेली पाऊण तास मिळून तिचा दीड तास. पाणी काही त्या दिवशी उडी मारत नाही, हिशेब मारतो.

मी गणित शिकवण्यात आयुष्य काढलं आणि पाऊणकी मलाही येते, पण पौर्णिमा आणि प्रतिपदा शेजारी मांडून बघायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. तुमच्या लेकीने ते केलं. नियम सगळे पाठ करतात; तो टोकाला नेऊन तिथे टिकतो का ते बघणारं मूल विरळा.

हे उत्तर तिला एका दमात सांगून टाकू नका. विचारा : आजोबा तिथीला किती मिनिटं धरतात? पंधरा तिथींची किती झाली? बारा तासांना किती कमी पडली? बेरीज तिला येते, बाकीचं ती ओढून काढील. मग आजोबांबरोबर (एकटी नाही) जेटीवर जाऊन पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं आणि किती वाजता, एवढं लिहू दे. फक्त आकडे, शुद्धलेखन नाही. थोड्या दिवसांत तिला दिसेल की खरा समुद्र अठ्ठेचाळीस मिनिटांनाही जुमानत नाही; उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) वेळ कमी सरकते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) जास्त. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं छापली जातात, ती मिळाली तर ताडून बघता येईल. आणि एक नक्की सांगा, की आजोबांचं चुकलेलं नाही. तोंडी हिशेबाला एवढी सूट घ्यावी लागते. हे सांगितलं नाहीत तर ती आळीभर सांगत सुटेल की आजोबांना येत नाही.

आता रडणं आणि वही. अशा मुलांत सगळं एकाच वेगाने वाढत नाही. प्रश्न सातवीतल्या मुलीचा, हात तिसरीतल्या मुलीचा, आणि हरल्यावरचं रडणं बालवाडीचं, हे एकाच फ्रॉकमध्ये असू शकतं. मोठ्या माणसांना वाटतं, एवढी हुशार आहे तर एवढंही कळू नये? नाही कळत. ती आठच वर्षांची आहे. शिवाय जिला सगळं पहिल्या फटक्यात जमतं, तिला न जमण्याची सवयच नसते. म्हणून सागरगोटे बंद करू नका, रोज खेळा आणि मुद्दाम हरू नका. पाहुण्यांसमोर तिला पाढे म्हणायला उभं करत असाल तर ते मात्र आजपासून बंद.

बुद्ध्यांकाची मला घाई दिसत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये ही चाचणी बेतली, ती कुठल्या मुलांना जादा मदत लागेल ते शोधायला. आपल्याकडे तिचं बिने-कामत रूप वापरतात. जाणत्या मानसतज्ज्ञाने घेतली तर उपयोगी पडते, विशेषतः लिहिण्यात खरोखर काही अडचण आहे का ते बघायला. पण आकड्याला देव्हाऱ्यात बसवू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी कॅलिफोर्नियात १९२१ पासून अशाच चाचणीने दीड हजारांच्या आसपास अतिहुशार मुलं निवडली. त्या चाळणीतून खाली पडलेल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं : शॉकली यांना १९५६ मध्ये, अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी कुणाला मिळालं नाही.

चौथीत सरसकट बसवू नका, तिचा हात तिथे मार खाईल. फक्त गणिताच्या तासाला तिला चौथीत बसू द्याल का, असं गुरुजींना विचारा. भांडायला जाऊ नका; भरतीचा हिशेब कागदावर मांडून न्या. बघितल्यावर त्यांनाही मजा वाटेल.

पुण्याचं म्हणाल, तर आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेली ज्ञान प्रबोधिनी अशाच मुलांच्या विचारातून उभी राहिली, आणि पाचवीनंतर आपल्या जिल्ह्यातलं नवोदय विद्यालयही आहे. ते तेव्हा बघू. तुमच्याच तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, पहिलेच भारतीय. तेही गाव सोडूनच शिकले. पण गाव सोडताना धोंडो केशव कर्व्यांसारखा नात्यातला माणूस पाठीशी होता. आठव्या वर्षी तुमच्या लेकीला पुण्यापेक्षा पडवीतले आजोबा जास्त शिकवतील.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. चिपळुणात एका क्लासची जाहिरात आली आहे, मेंदूचा मधला भाग जागा करून मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात. पंचवीस हजार फी. घालू का?

उत्तर : नको. मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. पट्टी बांधलेल्या मुलाच्या कपाळासमोर, नाहीतर पाठीमागे पुस्तक धरायला सांगा, वाचन तिथेच थांबेल. मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग येतो. आपण फटीतून बघतोय हे मुलाला ठाऊक असतं, आणि आईवडील टाळ्या वाजवत असतात. हुशार मुलाला पंचवीस हजार देऊन खोटं बोलायला शिकवायचं कशाला? त्यातल्या थोड्या पैशांत भिंग, होकायंत्र आणि चार चांगली पुस्तकं येतील. उरलेले ठेवा.

प्रश्न : लांजा तालुक्यात माझी दोनशिक्षकी शाळा आहे. एक मुलगा दहा गणितं पाच मिनिटांत संपवतो आणि मग दुसऱ्यांना त्रास देतो. आणखी दहा देते, तीही संपवतो.

उत्तर : तो त्रास देत नाही, वाट बघतोय. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पूर्वीच नोंदवून ठेवलंय की अशा मुलांचा नेहमीच्या वर्गात निम्मा वेळ वाया जातो. लवकर संपवल्याची शिक्षा म्हणून तसलीच आणखी दहा मिळत असतील, तर पुढच्या वर्षी तो सावकाश करायला शिकेल आणि तुम्हाला वाटेल, सुधारला.

दहापैकी शेवटची तीन, सगळ्यात अवघड, आधी करू दे. ती बरोबर आली तर उरलेली माफ. मग त्याला गणित तयार करायला सांगा : पाच डझनांची आंब्याची पेटी, भाव तू ठरव, सात आंबे नासले, उरलेले प्रत्येकी किती रुपयांना विकले तर तोटा होणार नाही? उत्तर पूर्ण रुपयांत आलंच पाहिजे, ही अट. इथे तो अडकेल, कारण त्रेपन्नने भाग जाणारा भाव शोधावा लागेल. अडकू द्या. केंद्रप्रमुख आले आणि हा पोरगा वेगळंच काय लिहितोय म्हणाले, तर त्यांनाही हेच घाला.