बाल्कनी समुद्राकडची घ्या, पण खर्च दोघांपुरताच करा

प्रश्न (थोडक्यात): मी ५८ वर्षांचा, कोल्हापूरचा. दोन वर्षांनी निवृत्ती. मुलगा, सून आणि दोन नातवंडं न्यू जर्सीत. जुलैमध्ये लग्नाच्या वाढदिवसानिमित्त सहाही जणांनी मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' या क्रूझ जहाजावर सात रात्री जायचं ठरतंय. मुलगा निम्मा खर्च देतो म्हणतो, पण सगळा खर्च मीच करावा अशी माझी इच्छा आहे. दोन बाल्कनी केबिनचं कोटेशन सव्वानऊ लाखांचं आहे. मे महिन्यात १४ लाखांची एफडी संपते, त्यातून द्यायचा विचार आहे. घरखर्च महिना ५५ हजार. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांना शस्त्रक्रिया सांगितली आहे. तिला बाल्कनीत बसून समुद्र बघायची फार हौस आहे, पण एफडीला हात लावू नका असंही तीच म्हणते.

उत्तर: सप्रेम नमस्कार. आधी स्पष्ट सांगतो, जाऊन या. नातवंडांबरोबर असा आठवडा मिळतोय, तर तो घ्यायलाच हवा. पण सगळ्यांचा खर्च एकट्याने उचलायचा हट्ट सोडा. वहिनींचं म्हणणं मला पटतं.

कोटेशन तीनदा वाचलं. त्यात दोन्ही केबिनपुढे 'सेंट्रल पार्क व्ह्यू बाल्कनी' असं लिहिलंय. तुमच्या एजंटने याचा अर्थ सांगितला का? या जहाजाच्या मधोमध वरून उघडा चौक आहे, आपल्या जुन्या वाड्यासारखा. त्यात खरी झाडं लावलेली बाग आहे. २००९ च्या 'ओअॅसिस ऑफ द सीज' या जहाजापासून रॉयल कॅरिबियन कंपनीने ही रचना आणली: जहाजाचे वरचे मजले मधून दुभंगायचे आणि आतल्या भिंतींनाही बाल्कन्या काढायच्या. समुद्राची बाजू मर्यादित असते, तिथे किती खोल्या बसणार? चौक काढला की विकायला आणखी शेकडो बाल्कन्या मिळतात, म्हणून त्या थोड्या स्वस्तही असतात. पण वहिनी पहाटे पडदा सरकवतील तेव्हा समोर झाडं आणि पलीकडच्यांच्या बाल्कन्या असतील, समुद्र नसेल. हौस समुद्राची आहे ना? मग तुमच्या दोघांच्या केबिनला 'ओशन व्ह्यू बाल्कनी' हे शब्द हवेतच. फरकाचे पैसे द्या, मी अडवणार नाही.

मुलाच्या केबिनला मात्र बाल्कनीची गरज नाही. 'आयकॉन'वर सात पूल आणि पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत. बर्फावरचे शो, सर्फिंगचा कृत्रिम प्रवाह, चढायची भिंत, लहान मुलांसाठी वेगळा सर्फसाइड विभाग, सगळं तिकिटात. रात्री दहापर्यंत मुलांचा क्लबही फुकट. नातवंडं खोलीत फक्त झोपायला येतील. चौघं मावतील अशी आतली, खिडकी नसलेली केबिन घेतली तर मुलाचे बरेच पैसे वाचतील.

जहाज फिनलंडच्या तुर्कू बंदरात बांधलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालं. लांबी ३६५ मीटर, वीस मजले, सकल टनेज (जहाजाच्या आतल्या जागेचं माप) २,४८,६६३, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून जास्त. दोघांमागे एक केबिन धरली तरी ५,६१० प्रवासी आणि वर २,३५० कर्मचारी. हे आकडे वहिनींच्या गुडघ्यांसाठी सांगतोय. केबिन टोकाला मिळाली तर दर जेवणाला दोन-अडीचशे मीटर चालणं आलं. केबिन मधल्या भागात, लिफ्टजवळ आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागा. तिथे हेलकावेही कमी जाणवतात. पैसे भरण्याआधी डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, केबिनचा नंबर स्वतः शोधा.

आता कोटेशनमध्ये नसलेला खर्च. टिप्स माणशी दिवसाला साडेअठरा डॉलर धरा, लहान मुलांनाही लागू. सहा जण, सात दिवस, ७७७ डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास. वायफाय वेगळं. बुफे आणि मुख्य भोजनगृह तिकिटात, खास रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. साधं पाणी, चहा, लिंबू सरबत फुकट, दारूचं पॅकेज वेगळं. आणि एकाच केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने ते घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. तुम्ही दोघंही घेत नाही असं लिहिलंय, तेव्हा तो प्रश्न नाही. जहाजावर रोकड चालत नाही, जहाजाने दिलेलं कार्ड दाखवायचं आणि खर्च खात्यावर चढत जातो. मी स्वतः एकदा मुंबईहून गोव्याला जहाजाने गेलो होतो. शेवटच्या सकाळी दाराखालून बिल आलं तेव्हा समजलं, दोन दिवसांत 'फक्त एक कॉफी' किती वेळा झाली होती.

न्यू जर्सी ते मायामी सहा जणांचं विमान आणि आदल्या रात्रीचं हॉटेल धरा. त्याच दिवशी उडू नका. जुलै हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम, विमान लांबलं तर जहाज थांबत नाही. सगळं मिळून माझा अंदाज साडेअकरा ते बारा लाख. एफडीत दोन-अडीच लाख उरतील, म्हणजे फार तर साडेचार महिन्यांचा घरखर्च. आणि पुढ्यात गुडघे आणि निवृत्ती. हे मला मान्य नाही. तुमच्या दोघांचाच खर्च, समुद्राकडच्या बाल्कनीसकट, सहा लाखांत बसावा. आठ लाख शिल्लक राहतात. चौदा महिन्यांची सोय आहे, आणि शस्त्रक्रियेत विम्याबाहेर जे जाईल तेही त्यातून निघेल.

मुलाकडून पैसे घेणं तुम्हाला जड जातंय, ते पत्रातून जाणवतं. पण तो त्याच्या बायकोमुलांची केबिन घेतोय, तुम्हाला दान देत नाहीये. शिवाय तारखांचाही घोळ आहे. पूर्ण रक्कम साधारण तीन महिने आधी, म्हणजे एप्रिलमध्ये भरावी लागते आणि तुमची एफडी मेमध्ये संपते. ती मोडून दंड भरण्यापेक्षा दोन्ही केबिन मुलालाच तिकडून बुक करू द्या. तुमचा वाटा मेमध्ये बँकेतून रीतसर पाठवा. इथल्या कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वाचेल आणि एजंटकडच्या पॅकेजवरचा टीसीएसही (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जाणार नाही. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. डिपॉझिट मात्र परत मिळणारंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. शस्त्रक्रियेची तारीख अलीकडे आली तर काय कराल?

दोन गोष्टी तपासून घ्या. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, म्हणून तुमचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. आणि विमा जहाजावर व वाटेतल्या देशांत चालतो का, जुन्या आजारांचं काय, हे विमा कंपनीकडून लेखी मागा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आधी तुमच्याच खात्यावर चढतं, विम्याचे पैसे मागाहून मिळतात.

हे सगळं करण्याआधी एक काम या आठवड्यातच उरका: रुग्णालयातून दोन्ही गुडघ्यांच्या खर्चाचा अंदाज कागदावर घ्या. तो चार लाखांच्या वर गेला तर मला पुन्हा लिहा, मग बाल्कनीचाही फेरविचार करू.