लायसन्स नसलेल्या माणसानं कोणतं सरकारी फोटो ओळखपत्र काढावं?

परभणी जिल्ह्यातल्या एका भावानं विचारलंय: "मला फिट येतात, त्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्स काढता येत नाही. अमेरिकेतल्या माझ्या आतेभावाला गाडी न चालवताही तिथल्या लायसन्सच्या ऑफिसातून फोटोचं सरकारी कार्ड मिळालं. आपल्याकडे तसं काही आहे का, की आधारवरच भागवायचं?"

दादा, तसं वेगळं कार्ड आपल्याकडे नाही, पण त्याचं काम करणारं कार्ड आहे आणि ते फुकट मिळतं. मतदार ओळखपत्र. ते काढा आणि त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. बाकीचं नंतर.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काही वर्षं बीएलओचं कामही केलंय, म्हणजे मतदार यादी घेऊन घरोघर फिरायचं. गाडी मलाही येत नाही. लायसन्स कधी काढलंच नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

अमेरिकेत बहुतेकांची ओळख लायसन्सवरच चालते, आणि ते प्रत्येक राज्य देतं. म्हणून गाडी न चालवणाऱ्यांसाठी त्याच ऑफिसांना तसंच दिसणारं कार्ड काढून द्यावं लागतं. आपल्याकडे आरटीओचा संबंध गाडीपुरताच. लायसन्स म्हणजे गाडी चालवायचा परवाना. त्यावर फोटो आणि पत्ता असतो म्हणून ते ओळखीसाठी चालतं, एवढंच.

आता आधारचं. माझी आई तीस वर्षं ऊसतोडीला गेली. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळा लागल्यावर परत यायचं. कोयता धरून तिच्या बोटांच्या रेषा पार झिजल्यात. दोन वर्षांपूर्वी केवायसीसाठी तिला तालुक्याच्या एका बँकेत घेऊन गेले. मशीनवर अंगठा उठेना. पदराला पुसला, ओला करून बघितला, मग दुसऱ्या हाताचा लावला. आधार नंबरला मोबाइल जोडलेला नव्हता, म्हणून ओटीपीचाही मार्ग बंद. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मावशी, लायसन्स आहे का?" आई म्हणाली, "बैलगाडी हाकली जन्मभर, तिला कुठं लायसन्स असतं बाळा?"

मग तिनं कमरेची चंची सोडली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी आणि त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार कार्ड. फोटोच्या कोपऱ्यावर चुन्याचा डाग पडलेला, पण चेहरा स्वच्छ दिसत होता. कार्ड खरं, फोटो तिचाच. तरी काम झालं नाही, कारण कार्डावर नावापुढे 'बाई' होतं आणि पासबुकावर नव्हतं. वर इंग्रजी आडनावात एकीकडे व्ही आणि दुसरीकडे डब्ल्यू. ऐन वैशाखात म्हातारीला घेऊन पुन्हा गावी. मी स्वतः बीएलओ राहिलेली, दुसऱ्यांच्या नावांच्या चुका काढत फिरलेली, आणि माझ्याच आईचं कार्ड नीट वाचून बघितलं नव्हतं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते की आधी नाव बघा.

बँकेचा नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत ओळख आणि पत्ता दोन्हींसाठी मोजकीच कागदपत्रं धरली जातात: पासपोर्ट, लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. पॅन कार्ड या यादीत नाही. बँक पॅन मागते ते करासाठी, आणि त्यावर पत्ताही नसतो. त्यामुळे "माझ्याकडे आधार आणि पॅन दोन्ही आहेत" म्हणणाऱ्याकडे पत्त्यासाठी खरं तर एकच कागद असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांसाठीही या नियमांत सोय आहे. कार्डावर माहेरचं नाव असलं तरी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडली की ते चालतं. हे काउंटरवर सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही, शांतपणे सांगावं लागतं.

आधार वाईट आहे असं मी म्हणत नाही, अनुदान आणि योजनांना ते लागतंच. पण आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि जन्मतारखेचाही नाही. आमच्या भागात तर हे लगेच पटतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी आहे. निजामाच्या राजवटीत, १९४८ च्या आधी जन्मलेल्यांची नोंद कुणी कुठं ठेवली होती? अंदाजानं साल घातलं आणि पुढं १ जानेवारी लावून दिली. मतदार कार्डाचा मान वेगळा आहे. पशुपतिनाथाच्या यात्रेला नेपाळात जायचं तर पासपोर्ट नसला तरी मतदार कार्ड चालतं. १५ ते ६५ वयातल्या माणसाचं आधार तिथं चालत नाही.

कार्ड काढायला नमुना ६ भरायचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरा, नाहीतर गावच्या बीएलओकडे द्या. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताईच असतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातल्या चार तारखा धरून १८ वर्षं पूर्ण झालेली चालतात. कार्डावर तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा नंबर येतो. नाव चुकलं, पत्ता बदलला, कार्ड हरवलं किंवा खराब झालं, सगळ्याला नमुना ८. कामाला पुण्याला गेलात तर तिथं नवा नमुना ६ भरू नका. दोन ठिकाणी नाव असणं गुन्हा आहे. नमुना ८ भरूनच नाव हलवा. अडलं तर १९५० वर फोन करा. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात, १९९३ मध्ये ही कार्डं सुरू झाली, त्याआधी आमच्या आजीकडे फोटो असलेला एकही सरकारी कागद नव्हता. तिच्या कार्डावरचा फोटो हाच तिचा आयुष्यातला एकमेव फोटो. तो मोठा करून आम्ही भिंतीवर लावलाय.

पासपोर्टचे साधे १५०० रुपये परवडत असतील तर तोही काढून ठेवा, दहा वर्षं चालतो. जिल्ह्यांची नावं बदलल्यामुळे कार्ड बदलावं लागेल का, हेही पुष्कळ जण विचारतात. माझ्या नणंदेच्या कार्डावर अजून उस्मानाबाद आहे, धाराशिव नाही. तिला कुणी अडवलेलं नाही.

डिजिलॉकरमधलं आधार किंवा पॅन कायद्यानं मूळ कागदासारखंच मानतात, पण तुम्ही फोनच्या भरवशावर राहू नका. बसस्थानकावर फिट आली तर फोन लॉक असेल, आजूबाजूच्या माणसाला तो उघडता येणार नाही. छापील कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. त्याच्या मागे एका चिठ्ठीवर घरच्या दोघांचे नंबर आणि चालू गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आणि दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. गोळी बदलली की चिठ्ठीही बदला.