वाचनालयातले जुने कुलवृत्तांत, मोडी कागद आणि साप्ताहिकांच्या फायली कशा जपाव्यात?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत नव्यानं आलात, मागच्या खोलीत कुलवृत्तांत (घराण्यांच्या वंशावळींची पुस्तकं), मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि गावच्या साप्ताहिकाच्या फायली सापडल्या, हाताशी पैसा नाही, तर सुरुवात कुठून करावी? मी अशाच एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. जे रोज करतो तेच सांगतो.

स्कॅनरचं नंतर बघा, आधी रजिस्टर. अनुदानित वाचनालयात जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन होतं, म्हणजे नोंदीतून कमी करून ती काढून टाकतात. यादी करणारा पुस्तकाची अवस्था बघतो आणि किती जणांनी नेलं ते बघतो. जुना कुलवृत्तांत दोन्हीत नापास होतो आणि फाटक्या कादंबऱ्यांबरोबर रद्दीत जातो. गावाचा इतिहास वाळवीनं खाल्ला त्याहून जास्त असा शिस्तीत गेलाय, असं माझं मत आहे. म्हणून पुढच्याच बैठकीत ठराव करून घ्या: स्थानिक इतिहासाचा विभाग वेगळा, त्याची दाखल नोंदवही वेगळी, त्यातलं काहीही निर्लेखनाला जाणार नाही आणि घरी नेता येणार नाही. याला पैसा लागत नाही.

नोंद करताना नाव आणि साल लिहून थांबू नका. कोणत्या घरातून आलं, केव्हा आलं, तेही लिहा. रुमाल सोडलात तर कागदांचा क्रम मोडू नका. शेजारच्या कागदावरून बिनतारखेच्या कागदाचा काळ लागतो. आणि 'दुसरी प्रत आहे' म्हणून जुनी काढू नका. आमच्याकडे एका कुलवृत्तांताच्या दोन प्रती आहेत. एक करकरीत, दुसरीचा पुठ्ठा निघालाय. दुसरी अनमोल आहे, कारण ती देणाऱ्या घरानं पुढचे जन्म, लग्नं, एक दत्तकविधान असं सगळं समासात शाईनं लिहून ठेवलंय. छापील वंशावळीत जिथं नुसतं 'कन्या ३' आहे, तिथं तिन्ही मुलींची नावं आणि सासरची गावं आहेत. ही माहिती दुसरीकडे कुठंही नाही.

आता आधी काय वाचवायचं? बहुतेकांना वाटतं मोडी कागद. माझं उत्तर वेगळं आहे. जुन्नर, दौलताबादकडचा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा. ओल आणि कसर लागली नसेल तर पेशवाईतला कागद आजही लवचिक असतो. 1960 च्या साप्ताहिकाचं पान उलटा, कोपरा हातात येईल. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्ल त्याला आतून पिवळा आणि ठिसूळ करतात. मोडी कागद वाचणारा मिळेपर्यंत थांबेल, साप्ताहिक थांबणार नाही. तेव्हा स्कॅनिंग तिथून सुरू करा. जाहिराती, निधनवार्ता, शाळेचे निकाल, काहीही वगळू नका. स्कॅनची स्पष्टता 300 डीपीआय पुरेशी. फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक. स्कॅन झालं म्हणून मूळ अंक टाकायचे नाहीत.

सेलोटेप आणि प्लॅस्टिकचं लॅमिनेशन यांना हातही लावू नका. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. बाइंडरकडे देताना बजावून सांगा की कडा कापायच्या नाहीत, नाहीतर समासातली ती शाईची अक्षरं यंत्राखाली जातील. रुमालासाठी मांजरपाट घ्या, पण धुऊन कांजी काढून. कांजीला किडे येतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा खण रिकामा.

खालचा खण का, हे चिपळूणकरांना सांगावं लागत नाही. तिथलं 1864 साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर जुलै 2021 च्या पुरात सापडलं आणि पुस्तकांचं फार मोठं नुकसान झालं. स्कॅनची एक हार्डडिस्क दुसऱ्या गावी ठेवा. कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात उलगडून वाळवणं जमणार नसेल तर गठ्ठे फ्रीझरमध्ये गोठवा आणि मग सवडीनं वाळवा.

मोडीसाठी शासनाचा पुराभिलेख विभाग प्रशिक्षण वर्ग घेतो. गावातले दोन-तीन तरुण पाठवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथं जाऊन दप्तरं कशी लावलीत तेही बघून या.

स्कॅन इंटरनेटवर टाकताना एवढं पाहा: लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. आणि कुलवृत्तांतात हयात माणसांचे पत्ते, जन्मतारखा असतात. ती पानं वाचनालयातच राहू द्या.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. कुलवृत्तांत छापले ते छापण्याची ऐपत आणि सवय असलेल्या मोजक्या समाजांनी. बाकीच्या गावाची वंशावळ कुठं आहे? कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या गाव नमुना 14 मध्ये. शाळेच्या जनरल रजिस्टरात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना असले कागद किती मोलाचे आहेत ते सगळ्यांनीच पाहिलं. ते वाचनालयात आणता येणार नाहीत, पण कोणती नोंद कुठल्या कार्यालयात, कुणाकडे आणि कोणत्या सालापासून मिळते याची सूची ठेवता येते. तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून वाचून दाखवणारे, येत असतील. त्यांची वही मागू नका, तिच्यावर त्यांचं पोट आहे. मानधन ठरवा, वाचन ध्वनिमुद्रित करायची परवानगी घ्या, आणि ज्या घरांची वंशावळ वाचली गेली त्यांना आणि हेळव्यांनाही एकेक प्रत द्या.