सरबताच्या तळाशी साखर का राहते?

प्रश्न : लिंबू सरबतात बर्फ घातला की साखर तळाशी तशीच राहते. थंड पाण्यात साखर कमी मावते म्हणून असं होतं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मावते, अगदी भरपूर मावते. ०° सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १८० ग्रॅम साखर विरघळू शकते. म्हणजे तुमच्या २०० मिलीलिटरच्या पेल्यात साडेतीनशे ग्रॅमची सोय आहे आणि तुम्ही घालता तीन चमचे, फार तर १५ ग्रॅम. अडतं ते वेगापाशी. थंड पाण्यात रेणूंची हालचाल मंदावते, हे एक. दुसरं, दाण्याभोवती विरघळलेली साखर दाट, जड पाक होऊन तळाशीच बसते. हा पाक आधीच साखरेने भरलेला असल्यामुळे त्याखालच्या दाण्यांना विरघळायला वाव उरत नाही. वर तरंगणारा बर्फ वितळला, तरी ते पाणी हलकं, त्यामुळे वरच राहतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. दोऱ्याची खडीसाखर घ्या. एक खडा पाण्याच्या पृष्ठभागालगत बुडेल असा टांगा, तेवढाच दुसरा खडा दुसऱ्या पेल्यात तळाशी टाका आणि ढवळू नका. पेला उजेडासमोर धरला, की टांगलेल्या खड्यापासून पाकाचे काचेसारखे तलम धागे खाली उतरताना दिसतील. पाक गळून जातो, त्याच्या जागी ताजं पाणी येतं, म्हणून तो खडा लवकर संपतो. तळाचा खडा मात्र स्वतःच्याच पाकात बसून राहतो.

तेव्हा क्रम बदला. लिंबाचा रस, मीठ, साखर आणि अर्धी वाटी साधं किंवा कोमट पाणी एकत्र करून चमच्याला कचकच लागेनाशी होईपर्यंत ढवळा. मग गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. पिठीसाखरेचा मोह होतो, पण ती एकदम ओतली तर गुठळ्या होतात, आणि बाजारच्या काही पाकिटांत कॉर्नफ्लोअर असतं, त्याने सरबत गढूळ दिसतं.

प्रश्न : पुस्तकात ‘जास्त प्रमाणात असतो तो द्रावक’ असं आहे. मग अर्धा लिटर पाण्यात एक किलो साखर घालून सरबताचा पाक केला, तर द्रावक साखर म्हणायची का? शिवाय बाटलीत खडे धरतात ते का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : द्रावक पाणीच. साखर स्थायू होती, ती द्रवात गेली. पाणी द्रवच राहिलं. ज्याची अवस्था द्रावणात टिकते तो द्रावक. पुस्तकातला नियम दोन द्रव मिसळताना कामाचा आहे. पाकाला वजनाने लावला की फसतो. खरं तर रेणू मोजले तर इथेही पाणीच जास्त भरतं. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूच्या १९ पट जड, त्यामुळे या पाकात साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे नऊ-दहा रेणू असतात. वर्गात सांगायला हे छान आहे.

आता खडे. २५° सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅमच्या किंचित वर साखर राहते, म्हणजे तुमचा पाक मुळातच काठावर आहे. उकळताना १०० मिलीलिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर प्रमाण १०० ला २५० होतं. गरम असताना पाक नितळ दिसतो, गार झाला की जादा साखर बाहेर पडते. म्हणून पातेलं आधी रिकामं तोला. पाक झाल्यावर आतला ऐवज दीड किलो भरायला हवा. कमी पडेल तेवढं उकळतं पाणी घाला. उकळताना चमचाभर लिंबाचा रस घातला, तर थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि खडे धरायला अडथळा येतो. बाटलीच्या गळ्याला सुकलेले दाणे पुसून काढा. एक दाणा आत पडला तरी त्याभोवती खडा वाढतो. धरलेच, तर दोन-तीन चमचे पाणी घालून बाटली कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी हळूहळू गरम करत न्या. एकदम उकळत्यात ठेवली तर काच तडकेल.

प्रश्न : लिंबू सोड्यात मीठ टाकताच फेस उतू जातो. मिठाची काही रासायनिक क्रिया होते का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : नाही. साखर टाकली तरी तेच होतं. सोड्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळवलेला असतो; झाकण उघडलं की तो बाहेर पडायला टपलेलाच. दाण्यांच्या खाचांत अडकलेल्या हवेभोवती त्याचे बुडबुडे धरतात. मीठ, साखर आधी लिंबाच्या रसात आणि दोन चमचे पाण्यात पुरतं विरघळवा, मग पेला तिरका धरून कडेने सोडा सोडा. सोडा थंडगारच हवा : ०° ला लिटरभर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम वायू राहतो, २०° ला जेमतेम १.७ ग्रॅम. (साखरेचं नेमकं उलट, ती गरम पाण्यात जास्त मावते.)

प्रश्न : हळदीच्या दुधात हळद खाली बसते. ती विरघळतच नाही का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पूड म्हणून नाही. तिच्यातला पिष्ट आणि चोथा कशातच विरघळत नाही, आणि पिवळा घटक, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ नाही, स्निग्धात विरघळतो. अर्धा चमचा तुपात हळद मंद आचेवर काही सेकंद परतून त्यावर सायीचं दूध ओता. रंग चांगला उतरेल, तरी तळाशी थोडा गाळ राहीलच. नको असेल तर गाळून घ्या.