"मॅडम, ही तर जिमवाल्यांची गोळी ना?"

मी पेशंटचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच अंदाज येतो. डॉक्टरांनी अॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे पुरुषी हार्मोनसारखं काम करणारं औषध, लिहून दिलेलं असतं, घरातलं कोणीतरी रात्री गुगल करतं आणि सकाळी गोळ्यांची पाकिटं कपाटात मागे जातात.

ही मुलगीही तशीच आली. वय २६, अप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे हाडातला मगज पुरेशा रक्तपेशी बनवतच नाही. आधीचे उपचार लागू पडले नाहीत म्हणून ऑक्सिमेथोलोन हे असलंच एक स्टेरॉइड चालू केलेलं, त्याला तीन महिने झालेले. डॉक्टरांचं म्हणणं, रिपोर्ट हलत नाहीयेत आणि ही काही सांगत नाही, जरा बघा. पहिली दोन सेशन आईच बोलत होत्या, ही पुटपुटल्यासारखं हो-नाही करायची, आणि मला वाटलं हिमोग्लोबिन कमी आहे, दमत असेल बिचारी. मी औषधावरून वाद घालत नाही, आधी भीतीला बोलू देते. माझ्या काही सहकाऱ्यांना हे वेळ घालवणं वाटतं, असो.

तिसऱ्या वेळी आईंना बाहेर बसवलं.

"गोळी घेतेस ना?"

"हो." बराच वेळ गप्प. "अर्धी."

"कधीपासून?"

"मैत्रिणीचा फोन आला, मी हॅलो म्हटलं तर ती म्हणाली, काका, जरा तिला देता का."

हे वाक्य तिने पूर्ण आवाजात म्हटलं, आणि तो आवाज खरंच जाड झालेला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही दमलेली नव्हती, आवाज लपवत होती! इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही दोन सेशन मला ते कळलं नाही, पण तिसऱ्यात तिने ते माझ्यासमोर काढलं याचं समाधानही आहेच.

मग मी तिला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. हे औषध टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या कुळातलं, कारखान्यात बनवलेलं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये धावपटू बेन जॉन्सनचं मेडल ज्यामुळे गेलं ते स्टॅनोझोलोल याच घराण्यातलं, आणि तेच स्टॅनोझोलोल अंगाला अचानक सूज येणाऱ्या एका आनुवंशिक आजारात औषध म्हणूनही दिलं गेलंय. ऑक्सिमेथोलोनचा रक्तावरचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागू शकतात, लिव्हरवर ताण येतो म्हणून मधूनमधून रक्त तपासावंच लागतं. आणि बायकांमध्ये आवाज बदलायला लागला, ओठावर केस दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं, कारण उशीर झाला तर गोळी बंद करूनही आवाज पूर्वीसारखा होईलच असं नाही. गुपचूप अर्धी गोळी घेतली तर डॉक्टर समजतात औषध कमी पडतंय, आणि डोस वाढवतात. तिच्या बाबतीत ते थोडक्यात टळलं.

"आधीच बोलले असते तर वाचला असता का आवाज?" तिने विचारलं.

"कदाचित," म्हटलं. खोटा धीर मी देत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना स्वतः सगळं सांगितलं. त्यांनी गोळी थांबवली, आवाजासाठी ईएनटीकडे पाठवलं आणि पुढच्या उपचारांचं बोलणं पहिल्यांदाच तिच्याशी झालं, आईंशी नाही. आई मला जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "बघा, मी म्हणतच होते, गोळीच वाईट." मी म्हटलं, तसं नाही हो, आणि पुन्हा पहिल्यापासून समजवायला लागले.